पाण्याचा जोर

(पहाट. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा बांध. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची लाकडी दारं.)

पेडणे तालुका, शापोरा नदीचा काठ. भरती चढू लागलीय. मानशीच्या दारांकडे बघा. कुणी हात लावलेला नाही. नदीकडून पाण्याचा जोर आला आणि दारं आपसूक मिटली. ओहोटीला ती अशीच आपसूक उघडतील. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून गोव्यात कित्येक शतकं हे चालत आलंय.

आपल्या हृदयाच्या झडपाही अशाच, फक्त जोराच्या फरकावर उघडतात आणि मिटतात.

(बांधावर चिखलाची पाटी घेऊन चालणारे बाबा.)

ही मानस राखणारे बाबा. वय 61. यांचं प्रेशर 160 च्या वर असल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं, तेही गावातल्या शिबिरात, सहज दंडाला पट्टा बांधला म्हणून. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती. ‘मला काय होत नाही हो,’ हे त्यांचं तेव्हाचं आणि आजचंही उत्तर. गोळ्या सुरू झाल्या. चवथीच्या गडबडीत संपल्या, त्या वर्षभर परत आल्याच नाहीत.

160 म्हणजे पाऱ्याचा 160 मिलिमीटर उंच खांब. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून पाण्यात मोजलं तर हाच खांब सात फुटांच्या वर जातो. 120 ला, म्हणजे ठीक असलेल्या प्रेशरला, तो सव्वापाच फुटांच्या आसपास असतो. वरचे पावणेदोन फूट बाबांचं हृदय दर ठोक्याला चढवतंय. ठोके दिवसाला लाखभर.

(इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची खोली. अंधार. पडद्यावर हलणारं हृदय.)

काळं दिसतंय ते रक्त. त्याच्या कडेची करडी पट्टी म्हणजे डाव्या कप्प्याची भिंत. सगळ्या शरीराला रक्त ढकलतो तो हा कप्पा. पट्टीवर दोन फुल्या पडतात. 14 मिलिमीटर. 11 पर्यंत ठीक म्हणतात.

वाढलेले हे 3 मिलिमीटर आले कुठून? मोठ्या माणसाच्या हृदयात नव्या स्नायूपेशी जवळजवळ तयार होत नाहीत. असलेल्याच पेशी जाड होतात. आकुंचन पावणारे नवे धागे जुन्यांच्या शेजारी रचले जातात, जसा बाबा बांधावर चिखलाचा थर चढवतात तसे. पण बांध जाड झाला तर शेताचं भलंच होतं. इथे भिंत आतल्या बाजूला सरकते आणि कप्प्यातली जागा घटते. पेशींच्या मधे चिवट तंतू साठतात, भिंत ताठ होते. ताठ भिंत दाबून रक्त बाहेर काढते, पण ठोक्यानंतर सैल पडायला वेळ लावते, म्हणून कप्पा नीट भरत नाही. त्याला भरायला वरचा कप्पा जास्त जोर करतो आणि ताणून मोठा होतो. जाड झालेल्या स्नायूला लागणारं रक्त बारीक वाहिन्यांतून पुरेसं पोचत नाही, ते वेगळंच.

रोज पोहणाऱ्याचं हृदयही वाढतं. पण तो पाण्याबाहेर येतो, हृदयाला विसावा मिळतो. प्रेशरला सुट्टी नसते, झोपेतही नाही.

पुढे धाप, पायांना सूज, बेताल ठोके, कधी लकवा.

(स्वयंपाकघर. फळीवर बरण्या, सुके बांगडे.)

पुरुमेंत. पावसाळ्याची बेगमी. खारवलेली कैरी, सुकी मासळी. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. सगळं खापर या बरण्यांवर फोडायचं नाही. वय, वजन, घराण्यातलं प्रेशर हेही आहेच. बाई बरणी मागे सरकवतात. कुणी सांगितलं नव्हतं.

(पुन्हा इकोची खोली. एक वर्षानंतर.)

या वर्षात एकही गोळी चुकलेली नाही. औषधाने प्रेशर आवरलं की जाड झालेली भिंत महिन्या-महिन्यांनी थोडी उतरू शकते. बाबा डाव्या कुशीवर वळून झोपलेत. बरगड्यांवर थंडगार जेल. पडद्यावर दोन फुल्या.

13.

‘झालं? जाऊ?’ बाबा विचारतात. ‘भरतीची वेळ झाली.’