आंब्याची पेटी आणि पीबीएचा स्टिकर

(महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं कापूनछाटून)

मंडळी, आत आमरस आहे हे मला दिसतंय, त्यामुळे मी लांबण लावणार नाही. असं म्हणणारा माणूस किती वेळ बोलतो हे तुम्हाला ठाऊक आहेच.

गेल्या महिन्यात आमच्या घरी भांडण झालं. निमित्त होतं गाडीच्या मागच्या काचेवरचा पीबीएचा स्टिकर. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना काय सांगायचं! पोलिसांच्या संघटनेला, म्हणजे पीबीएला, वर्गणी दिली की मिळतो, आणि तो दिसला की पोलीस दंडाच्या बाबतीत जरा सैल सोडतात अशी आपली आशा. मघाशी पार्किंगमधून येताना पाहिलं, बऱ्याच जणांनी दिलेली दिसते. आमची मुलगी सोळाची, गाडी शिकतेय. तिने विचारलं, "बाबा, हा कशाला?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "पोलिसांबद्दल आदर म्हणून." ती म्हणाली, "मग आईच्या गाडीवर का नाही?" आता आमची ही पंचावन्नच्या वर गाडी नेत नाही, आणि मी... असो. पोरीने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे हा हप्ताच ना?"

हप्ता! आपल्या रविवारच्या मराठी शाळेत हा शब्द शिकवत नाहीत. तो तिने माझ्याकडूनच उचललाय. लायसन्समध्ये पन्नासची नोट घडी करून कशी सरकवायची, हा किस्सा मी दर पार्टीत सांगतो आणि तुम्हीही दर वेळी हसता.

मी चिडलो. म्हटलं, "तोंड सांभाळून बोल, तुझे आजोबा मुंबई पोलिसात हवालदार होते." तर ती शांतपणे म्हणाली, "मग ते घ्यायचे का?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

आम्ही नायगावच्या पोलीस लाइनीतले. गणपतीत सगळी लाइन आमच्याकडे आरतीला यायची, वडील सोडून. ते दुसऱ्याच्या गणपतीच्या बंदोबस्ताला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घरी आले की आई घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घेऊन बसायची, आणि ते पाय पाण्यात सोडून बसल्या बसल्या झोपायचे. १९८२च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, शहरात लष्कर आलं. तेव्हा लाइनीतल्या बायका दबक्या आवाजात बोलायच्या आणि आम्हा पोरांना गॅलरीतून आत ओढायच्या. पोलिसांच्या पोरांना लष्कराची भीती! शाळेत मला 'पांडू' म्हणायचे. आणि ज्यांची पोरं म्हणायची, त्यांच्याच घरी चोरी झाली की रात्री अकराला आमचं दार वाजायचं.

आणि दर मे महिन्यात आंब्याची एक पेटी यायची. बाजारातला कुणी पोऱ्या आणून ठेवायचा, नाव सांगायचा नाही. वडिलांच्या पगारात हापूस बसत नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा आमची मारामारी कोय कोणाला यावरून.

मघाशी आपण हुतात्म्यांसाठी एक मिनिट उभे राहिलो ना? १९५५च्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनीच. आपलं राज्य मिळालं त्यात ते रक्त आहे. आणि २६/११ला गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळेही पोलीसच. दर नोव्हेंबरात त्यांचा फोटो आपल्या ग्रुपवर येतो, शंभर हात जोडले जातात. माझेही असतात, आणि ते खोटे नाहीत.

पण मग जानेवारी २०२३ आठवा. सिॲटलला आंध्रातून शिकायला आलेली तेवीस वर्षांची मुलगी रस्ता ओलांडत होती. ताशी पंचवीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसाची गाडी चौऱ्याहत्तरने आली आणि ती गेली. नंतर दुसरा एक पोलीस तिच्या मरणावर हसत बोलला, ते त्याच्याच कॅमेऱ्यात रेकॉर्ड झालं. ती बातमी कुणीतरी ग्रुपवर टाकली. तिच्याखाली पहिला निरोप काय होता? "हा सांस्कृतिक ग्रुप आहे, वादग्रस्त विषय नकोत." दुसरा उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरचा. रागावू नका, तो दुसरा माझाच होता. एकवीस मोदक.

२०१५ला अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले गुजराती आजोबा सकाळी घराजवळ फिरत होते. इंग्रजी येत नव्हतं. कुणा शेजाऱ्याने फोन केला की अनोळखी माणूस फिरतोय. पोलिसाने त्यांना असं आपटलं की मानेला दुखापत होऊन शरीर काही अंशी लुळं पडलं. तेव्हा आपण हळहळलो, कारण आपले आईवडीलही पांढऱ्या बुटांत असेच फिरतात. पण मागच्या ऑक्टोबरात आपल्याच कॉलनीत दारावरच्या कॅमेऱ्यात हुड घातलेला काळा मुलगा दिसला, तेव्हा "कोणीतरी पोलिसांना फोन करा" असं आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलं. पानं झाडायचं काम विचारत होता तो. मी त्या निरोपाला अंगठा दिला होता. पोरीने तोही पाहिलाय.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकीला आपण दोन पोलिसांना पैसे भरून उभं करतो, बरोबर सेल्फी काढतो, प्रसाद देतो. भले लोक आहेत. गेल्या वर्षी एकाने ढोलही वाजवला, आपल्या पथकापेक्षा बरा वाजवला. पण नगरपालिकेत पोलिसांच्या बजेटवर सुनावणी होती त्या संध्याकाळी आपल्यातलं कोण होतं? मी नव्हतो. मला तर आदल्या दिवशी कळलं, आणि तरी गेलो नाही. पोलिसाला सेल्फीत बोलवायचं, आरशात दिसला की ब्रेक दाबायचा, घरी आलं की शिव्या द्यायच्या. समोर बसून त्याला काही विचारायची आपल्याला सवयच नाही. लाइनीत वाढलेल्या मलाही नाही.

स्टिकर पोरीने काढला. पूर्ण निघाला नाही, अर्धा काचेवरच आहे. तो पुन्हा लावायचा की खरवडायचा, यावर घरात अजून एकमत नाही. हिचं म्हणणं, दंड भर आणि हळू चालव.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आई बदलापूरला भावाकडे असते. गेल्या रविवारी फोन लावला, पोरगी शेजारीच बसली होती. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलं, "आई, ती आंब्याची पेटी कोण पाठवायचं गं?"

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं फोन तुटला.

मग म्हणाली, "मिळतो का रे तिकडे हापूस?"