चांदीच्या पाण्यात जिवाणू खरंच मरतात का?

श्रोतेहो, नमस्कार.

कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे पाण्यात विखुरलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. ते जिवाणू मारतात का हे बघायला बरेच जण अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटमध्ये भोक पाडून द्रावण भरतात आणि भोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ कडं पडतंय का ते बघतात. या कड्यावर विसंबू नका. कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, आणि माध्यमातल्या मिठामुळे चांदीच्या आयनांचं (विद्युतभारित अणूंचं) सिल्व्हर क्लोराइड होऊन ते खाली बसतं. कडं पडलं नाही, एवढ्यावरून द्रावण निकामी ठरत नाही.

जिवंत जिवाणू मोजायला हवेत. ई. कोलाय या जिवाणूचं रात्रभर वाढवलेलं कल्चर सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून जिवाणू तळाशी बसवून) निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने दोनदा धुवा. सलाइन नको, त्यातही मीठच असतं. गढूळपणा 0.5 मॅकफर्लंडच्या (ठरावीक गढूळपणाच्या प्रमाण) नळीशी जुळवला की मिलिलिटरमागे साधारण 15 कोटी जिवाणू मिळतात. त्यातलं 0.1 मिलिलिटर 9.9 मिलिलिटर चांदीच्या द्रावणात घाला. आता मिलिलिटरमागे 15 लाख झाले.

10, 30 आणि 60 मिनिटांनी 1 मिलिलिटर काढून थेट प्लेटवर पसरू नका. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. नमुन्याबरोबर चांदीही प्लेटवर जाते आणि तिथे वाढ रोखते. आपल्याला वाटतं, जिवाणू 10 मिनिटांतच मेले! म्हणून नमुना आधी सोडियम थायोग्लायकोलेट आणि सोडियम थायोसल्फेट असलेल्या 9 मिलिलिटर द्रावणात टाका. त्यातलं गंधक चांदीला पकडून ठेवतं. मग दहापट पातळ करत जा, दर पायरीचं 0.1 मिलिलिटर पसरा, 37 अंशांवर 24 तास ठेवा. 30 ते 300 कॉलनी (एकेका जिवंत जिवाणूपासून वाढलेले ठिपके) असलेलीच प्लेट मोजा.

सोबत चांदीऐवजी नुसत्या पाण्यात तेच जिवाणू घातलेली नळी हवीच. तिच्यात हजारपट पातळ केलेल्या नमुन्याच्या प्लेटवर दीडशेच्या आसपास कॉलनी याव्यात. थायोग्लायकोलेटचं मिश्रण स्वतःच जिवाणू मारत नाही ना, हेही वेगळं तपासा. आणि चांदी त्या मिश्रणात आधी मिसळून मग जिवाणू घाला: सगळे जगले, तरच चांदी पुरती निष्प्रभ झाली म्हणायची.

15 लाखांचे दीड हजार उरले, तर 99.9 टक्के मेले. आता द्रावणात 0.85 टक्के मीठ घालून हीच चाचणी पुन्हा करा. मारकशक्ती बहुधा घटलेली दिसेल. रक्तात मीठही असतं, प्रथिनंही. म्हणून नळीतला आकडा दाखवून हे द्रावण कुणाला प्यायला सांगू नका.