बोअर किती फुटांवर थांबवायचा

(पुण्यात नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवताना थोडी काटछाट केलीय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

सगळ्यात आधी ही शाल काढून ठेवतो. एक तर उकडतंय, आणि दुसरं म्हणजे ती मला कशाबद्दल दिली हे मलाच नीट कळलेलं नाही. असे कार्यक्रम मी सात वर्षं समोर बसून ऐकलेत, तिथे, त्या कूलरच्या बाजूला. ज्याची पोस्ट निघाली, म्हणजे सरकारी नोकरी लागली, तो इथे वर, आपण खाली, आणि तो सांगणार रोज बारा तास, मोबाईल बंद, आईवडिलांचे आशीर्वाद. माझी पोस्ट निघाली नाही. मी सोडून दिलं. सोडणाऱ्याला बोलावणारी पेठेतली ही पहिलीच अभ्यासिका असावी. चालकांना मी फोनवर विचारलं पण होतं, की माझं ऐकून पोरं निघून गेली तर तुमच्या खुर्च्या रिकाम्या राहतील, चालेल का? ते हसले, म्हणाले वेटिंग लिस्ट आहे.

तर मी अंबाजोगाईच्या बाजूचा. बीएस्सी ॲग्री. तुमच्यातले बरेच ॲग्रीवालेच असणार, हात वर करू नका, दिसतंय. 2014 ला पुण्यात आलो, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून, राहिलो, मेसचा डबा, दोन वर्षांत राज्यसेवेतून पोस्ट काढून परत जायचं असं ठरवलेलं. म्हणजे ठरवलेलं कसलं, घरी सांगितलेलं. 2015 ची पूर्व, म्हणजे पहिली गाळणी परीक्षा, गेली. त्याचं काही वाटलं नाही, सगळ्यांचीच पहिली जाते. पुढच्या वर्षी मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो, त्याच्या पुढच्या वर्षीही मुख्यपर्यंतच, आणि 2018 ला मुलाखत. तेव्हा राज्यसेवेची मुख्य 800 मार्कांची होती आणि मुलाखत 100 ची. अंतिम यादी लागली त्यात साडेतीन मार्क कमी पडले.

आता गंमत बघा. पूर्वमध्ये उडालो तेव्हा सोडून द्यावं का असा विचार मला अगदी सहज आला होता, चहा पिता पिता. साडेतीन मार्कांनी हुकलं त्या दिवसापासून तो विचारच मेला. साडेतीन मार्क म्हणजे काय, तीन प्रश्न! एवढ्यासाठी कोण सोडतं? आणि या तीन प्रश्नांच्या जोरावर मी अजून तीन वर्षं काढली.

हे फक्त माझं नाही. यूपीएससीचे 2022 च्या परीक्षेचे आकडे आहेत, 11 लाखांच्या वर अर्ज, प्रत्यक्ष पूर्वला बसले 5 लाख 73 हजार, मुख्यसाठी पात्र झाले 13,090, मुलाखतीला 2,529 आणि शेवटच्या यादीत 933. आपण नेहमी 5 लाख आणि 933 बघतो आणि घाबरतो किंवा चेकाळतो. मी सांगतो, 2,529 मधून 933 वजा करा. 1,596. एवढी माणसं दिल्लीत मुलाखत देऊन, नवीन ब्लेझर घालून, परत आली. ती हुशार होती का, होती. आता त्यांच्यातल्या कोणाला तुम्ही सांगू शकता का की बाबा रे थांब? तो तुम्हाला म्हणणार, मी दारापर्यंत गेलोय. दारापर्यंत गेलेला माणूस सगळ्यात जास्त अडकतो, पूर्वला दरवेळी उडणारा आपोआप गळतो.

इथे मला आमच्या बोअरची गोष्ट सांगायचीय.

2016 चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेच वर्ष, आणि आम्ही तिथून काही फार लांब नाही. विहीर आटलेली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बोअर घ्यायचं ठरवलं. पाणाड्या येऊन गेला, त्याने तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरून एक जागा दाखवली, आणि मी ॲग्रीचा पदवीधर, परीक्षेसाठी भूगोल तीनदा केलेला, बांधावर उभं राहून ते बघत होतो. अण्णांनी आदल्या रात्री जेवताना सांगितलं होतं, तीनशे फूट. त्याच्या खाली जायचं नाही, पैसेच तेवढे आहेत. आईपण साक्षीला होती.

गाडी आली, तमिळनाडूची, आपल्याकडे बहुतेक त्यांच्याच असतात. सकाळी सुरू झालं, मुरूम गेला, मग काळा पाषाण, आणि पांढरी भुकटी उडायला लागली, सगळं शिवार पांढरं. दोनशे, अडीचशे, नुसती धूळ. दोनशे नव्वदच्या आसपास भुकटी जरा ओली आली. ओल! गाडीवाल्याने मोडक्या हिंदीत सांगितलं, पानी है, और पचास फूट. ओल लागली नसती ना, तर अण्णा तीनशेला थांबले असते, मला खात्री आहे. ओल लागली म्हणून साडेतीनशे, मग चारशे. तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या लेकरांना माहितीय की वर फुटाचा भाव एक असतो आणि जसं खोल जाल तसा भाव चढत जातो. म्हणजे पाणी लागायची आशा कमी होत जाते आणि फूट महाग होत जातो. पाचशे वीसला अण्णांनी हात वर केला. कोरडा. केसिंगचा पाईप, गाडी, सगळं धरून पन्नास हजारांच्या वर गेले, त्यातले काही मामाकडून आणलेले, आणि मला त्या वर्षी पुण्यात मेसचे पैसे तीन महिने आले नाहीत.

भूजल अधिनियम 2009, शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहीर घेऊ नये, हे मला कलमासकट पाठ होतं. 60 मीटर म्हणजे जवळजवळ दोनशे फूट. आणि आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये, फार खाली गेल्याने ते वाढत नाही, हेही पाठ होतं. एक शब्द बोललो नाही. मलाही ती ओल दिसली होती ना.

मग 2021. हे तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, कोरोनात पूर्वपरीक्षा सारखी पुढे जात होती, शेवटी 14 मार्चची तारीख आली आणि तीन दिवस आधी ती पण पुढे गेली. पोरं शास्त्री रोडवर उतरली. मीही गेलो, घोषणा दिल्या, घसा बसला. रात्री रूमवर आलो, पाय धुतले, कॉटवर पडलो आणि लक्षात आलं की मला बरं वाटतंय. परीक्षा पुढे गेली म्हणून बरं वाटतंय! जिच्यासाठी मी सात वर्षं इथे बसलो ती परीक्षा झाली नाही याचा मला आनंद झाला होता, आणि संध्याकाळभर मी त्याच्याच विरोधात ओरडत होतो. तेव्हा मी जरा घाबरलो. अभ्यास कमी झालाय, वय झालंय, मित्र पुढे गेले, हे सगळं मला आधीपासून माहीत होतं आणि त्याने काही फरक पडला नव्हता. या बरं वाटण्याने पडला. मला पोस्ट नको होती असं नाही, पोस्ट हवीच होती. पण मला आता 'अभ्यास चालूय' एवढंच पुरत होतं. लग्नात कोणी विचारलं काय करतोस, अभ्यास चालूय. त्या दोन शब्दांच्या आत मी राहत होतो, भाडं अण्णा भरत होते.

त्या रात्री अण्णांना फोन लावला. मी म्हटलं, क्लासच्या सरांना विचारलं, ते म्हणतात तुझ्यात दम आहे, एक अ‍ॅटेम्प्ट दे. अभ्यासिकावाले म्हणतात एवढ्यात सोडू नको. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, थांबायचं का हे गाडीवाल्याला कशाला विचारतोस? त्याला फुटावर पैसे मिळतात."

बस. एवढंच म्हणाले, मग पाऊसपाण्याचं बोलले.

(इथे चालक हसतायत, हसा. तुम्ही वाईट नाही, गाडीवाला पण वाईट नव्हता, ओल खरीच होती. पण ज्याची फी, भाडं, डबा तुमच्या इथे राहण्यावर चालतो त्याच्या तोंडून 'पुरे' निघणार नाही, त्याने तरी का म्हणावं.)

आणि बाहेरून कोणी थांबवेल याची वाट बघू नका. डिसेंबर 2020 मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने अ‍ॅटेम्प्टची मर्यादा आणली होती, खुल्या गटाला सहा, ओबीसींना नऊ. आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, मी पण. पुढे ती मर्यादा काढून टाकली. आता वय, खुल्याला 38, मागासवर्गाला 43. म्हणजे तुम्ही तेविसाव्या वर्षी इथे आलात तर पंधरा वर्षं कोणीही तुम्हाला उठ म्हणणार नाही. मर्यादा हवी होती असं मी म्हणत नाहीये, ज्याला परिस्थितीमुळे उशिरा सुरुवात करावी लागते त्याच्यावर तो अन्याय झाला असता. पण ती गेली म्हणून तुमचे तीनशे फूट तुम्हालाच ठरवावे लागणार, आणि ते आज, डोकं शांत असताना, निकालाच्या आधी. अण्णांनी ठरवले होते, पण फक्त तोंडी. मी आता शेतकऱ्यांना सांगतो, बोअरच्या आधी आकडा कागदावर लिहा आणि कागद बायकोकडे द्या, आणि गाडी चालू असताना तुम्ही बांधावर थांबू नका, तिला थांबू दे.

मुलींना मात्र मी हे जसंच्या तसं सांगणार नाही. तुमचं उलटं आहे. तुमचे फूट घरच्यांनी आधीच मोजून ठेवलेले असतात, दोन वर्षं, नाहीतर स्थळ बघतो. तुमच्यातल्या किती जणींनी सोडलं आणि किती जणींना सोडायला लावलं हा हिशोबच वेगळा, आणि पन्नास फुटांवर बंद केलेल्या बोअरला कोरडा म्हणायचं नसतं. माझी एक मैत्रीण अशीच गेली, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली उत्तरं लिहायची.

बरं, पुढचं सांगतो. 21 मार्चला पेपर झाला, मी दिला. एप्रिलमध्ये कॉट सोडली, पुस्तकं खालच्या पोराला दिली, गावी गेलो. काही महिन्यांनी निकाल लागला आणि त्या पीडीएफमध्ये माझा नंबर होता. परत ओल! फोनवर फोन, येडा आहेस का, मुख्य दे. मी मुख्य दिली नाही. फार धीराने वगैरे नाही, दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणि आता उलटी बाजू पण ऐका, नाहीतर मी फसवल्यासारखं होईल. माझा रूम पार्टनर, माझ्याहून एक वर्ष मोठा, त्याने सोडलं नाही, आणि सातव्या अ‍ॅटेम्प्टला त्याची पोस्ट निघाली. नायब तहसीलदार आहे. आमच्या शेजारच्या गावात एकाला साडेपाचशे फुटांवर पाणी लागलेलं आहे, अजून चालू आहे. मग मी चुकलो का? पार्टनरच्या सत्काराला मी गेलो होतो, बुके दिला, आणि परत येताना एसटीत हा प्रश्न स्वतःला विचारला. उत्तर असं आहे की मी अजून एक दिली असती तर कदाचित लागली असती, आणि तरी त्या मार्चच्या रात्री जे माझ्या हातात होतं त्यावरून निर्णय बरोबरच होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, याची मला अजून पूर्ण सवय झालेली नाही. निकालाची पीडीएफ आली की अजूनही उघडतो, ओळखीची नावं शोधतो. बायको म्हणते, तुझा पेपर होता का?

पुरंदरचा तह. कधी? (मागून आवाज: 1665.) किती किल्ले दिले? (सगळे: तेवीस!) झोपेत सांगाल. राहिले किती? बघा, आवाज कमी झाला. बारा. आपण दिलेले तेवीस जास्त पक्के करतो. ठेवलेल्या बारांत राजगड होता, तोरणा होता, रायगड होता. महाराजांनी पाच वर्षांत कोंढाणा परत घेतला हे मला माहितीय, मी काही परत घेतलेलं नाही आणि तसली तुलना करणार पण नाही, मला फक्त त्या बाराचं कौतुक आहे. मी सोडलं तेव्हा वाटलं सात वर्षं शून्य झाली. शून्य नव्हती. जीआर, म्हणजे शासन निर्णय, कसा वाचायचा हे मला येत होतं, कुठल्या योजनेला कुठला कागद लागतो, अर्ज कसा लिहायचा की साहेबाला परत पाठवता येऊ नये. आता एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघतो, सोयाबीन, तूर, थोडं बियाणं. पगार नायब तहसीलदारापेक्षा कमी आहे, बराच कमी आहे, लाल दिवा तर आता कोणालाच नाही म्हणा.

राज्यसेवा मुख्यचा पॅटर्न आता वर्णनात्मक झालाय, 1750 मार्कांची लेखी. ज्यांची तयारी जुन्या पॅटर्नची होती त्यांच्यासाठी हा नवा दगड आहे. मी परत यातला असतो तर इथे एकदा थांबून बोअरचे किती रॉड खाली गेलेत ते मोजलं असतं.

काही प्रश्न असतील तर विचारा, मेस साडेनऊला बंद होते मला माहितीये.

(एका मुलाने विचारलं, सर, माझी मुख्य झालीय, निकाल यायचाय, हा पाचवा आहे, सोडू का?)

मला विचारू नको. तू ज्याला पैसे देत नाहीस आणि जो तुला पैसे देत नाही असा एक माणूस शोध, त्याला विचार. आणि निकाल यायच्या आत विचार, तू पास झालास तर ऐकणार नाहीस आणि थोडक्यात गेलास तर अजिबातच ऐकणार नाहीस.

(मागच्या रांगेतून एक मुलगी: सर, त्या बोअरचं पुढे काय झालं?)

काही नाही. केसिंग हातभर वर आलेलं आहे अजून. तोंडावर मोठा दगड ठेवलाय, लहान लेकरं खेळतात ना तिकडे. अण्णा त्याला म्हैस बांधतात.