ऐकू येतं, पण शब्द कळत नाही

(पुण्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. थेट मुद्द्यालाच हात घालतो. ‘मला ऐकू येतं, पण शब्द कळत नाही,’ ही तक्रार तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी केली असेल आणि त्यावर ‘तुमचं लक्षच नसतं’ असं उत्तरही मिळालं असेल. भौतिकशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर तक्रार अगदी अचूक आहे आणि उत्तर चुकीचं. हे का, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

मी बोलतो तेव्हा हवेचे कण जागच्या जागी किंचित पुढेमागे हलतात, शेजारच्या कणांना ढकलतात आणि दाबाचा चढउतार तुमच्या कानापर्यंत पोचतो. समोरासमोर गप्पा मारताना हा चढउतार असतो सुमारे ०.०२ पास्कल. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, त्यामुळे इथे हवेचा दाब ९५ हजार पास्कलच्या आसपास. म्हणजे जवळपास पन्नास लाखांत एक भाग एवढ्याशा फरकावर आपल्या गप्पा, भांडणं, कीर्तनं सगळं चालतं. इतकी वर्षं हा विषय शिकवतोय, तरी या आकड्यापाशी मी थांबतोच.

आता एक प्रयोग करू. सगळ्यांनी गळ्यावर बोटं ठेवा आणि ‘आ’ म्हणा. थरथर जाणवली? ते स्वरतंतू. पुरुषांमध्ये ते सेकंदाला साधारण १२० वेळा उघडझाप करतात, बायकांमध्ये २०० च्या वर, लहान मुलांमध्ये ३०० च्या आसपास. आता कुजबुजत म्हणा : ई, आ, ऊ. थरथर थांबली, तरीही तिन्ही स्वर वेगवेगळे ओळखू आले. म्हणजे स्वराची ओळख गळ्यातल्या थरथरीत नाही. ती आहे गळ्यापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत.

नळाखाली कळशी भरताना तिचा आवाज चढत जातो, कारण आतली हवेची जागा आखूड होत जाते. आपली पोकळीही तशीच घुमते. प्रौढ पुरुषात ती सुमारे साडेसतरा सेंटीमीटर लांब, स्वरतंतूंच्या टोकाला बंद, ओठांकडे उघडी. आतल्या उबदार, दमट हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरला, तर ही नळी ५००, १५००, २५०० हर्ट्‌झला घुमते. सेकंदाला किती कंपनं होतात ती वारंवारता, आणि ती मोजायचं एकक हर्ट्‌झ. जीभ आणि ओठ हलले की हे आकडे सरकतात. या घुमण्याच्या जागांना फॉर्मंट म्हणतात. ‘आ’ला जबडा उघडतो, पहिला फॉर्मंट ७०० च्या आसपास जातो. ‘ई’ला जीभ पुढे वर येते, पहिला ३०० वर उतरतो आणि दुसरा २३०० च्या आसपास चढतो. ‘ऊ’ला ओठ गोल होतात आणि दोन्ही खाली बसतात. माणसागणिक आकडे बदलतात, पण त्यांची मांडणी तीच राहते. गुन्नार फांट या स्वीडिश शास्त्रज्ञानं १९६० साली हे गणित पुस्तकरूपात नीट मांडलं, आणि वाक्ध्वनिशास्त्राचा पाया आजही तोच आहे.

स्वर सुखवस्तू आहेत. त्यांच्याकडे भरपूर ऊर्जा असते आणि ती बहुतेक १००० हर्ट्‌झच्या खाली असते. व्यंजनांचं तसं नाही. ‘स’ म्हणजे दातांच्या फटीतून निसटणारी हवा. त्याची ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर, ‘श’ची थोडी खाली. ‘साप’ आणि ‘शाप’ यांतला फरक एवढाच. जुन्या टेलिफोनमधून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्‌झ जायचे, म्हणून फोनवर ‘स सशाचा’ असं सांगावं लागे. आणि क, प, त यांचं तर सगळं काही सेकंदाच्या काही शतांशांत उरकतं. पान, कान, तान, खान : शेवटचा ‘आन’ चौघांतही सारखा, अर्थ ठरवणारा भाग मात्र क्षणभराचा आणि दुबळा.

आता स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत मारलेली हाक घ्या. २०० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी पावणेदोन मीटर. दार, भिंतीचा कोपरा, माणसाचं डोकं, सगळ्याला ती वळसा घालून येते. ५००० हर्ट्‌झची लाट सात सेंटीमीटरची. तिला कोपरा अडवतो, पडदे आणि गाद्या गिळून टाकतात. म्हणून हाक पोचते, तिच्यातले स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत राहतात. हे तरुण कानांच्या बाबतीतही होतं. ते फक्त उरलेल्यावरून शब्द जुळवून घेतात.

मग वय. अंतर्कर्णातली शंखाकृती नळी, कोक्लिया, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या तोंडाशी उंच वारंवारता ओळखल्या जातात, आत टोकाला खालच्या. वय वाढलं, गोंगाट सोसला, की ध्वनी टिपणाऱ्या तोंडाजवळच्या केशपेशी आधी जातात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. स्वर शाबूत, व्यंजनं गेली. ‘ऐकू येतं, पण शब्द कळत नाही’ याचा अर्थ शब्दशः हाच.

घरचे मग ओरडतात. ओरडताना तोंड मोठं उघडतं, स्वर लांबतात, फुगतात. ‘स’ आणि ‘त’ त्या प्रमाणात वाढत नाहीत. शिवाय खालच्या वारंवारतेचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे ओरडल्यानं काम बिघडतं, आणि ऐकणाऱ्याला अपमान वाटतो तो वेगळाच. जवळ या, चेहरा दिसू द्या, पंखा-टीव्ही बंद करा, सावकाश बोला. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, तोही सगळ्या वारंवारतांत सारखा.

इथे गणपतीबद्दल बोललंच पाहिजे. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दरवर्षी आवाज मोजला जातो आणि शंभर डेसिबल ओलांडल्याच्या नोंदी आहेत. निवासी भागात कायद्याची दिवसाची मर्यादा आहे ५५. कामगारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका काटेकोर निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. ढोल पथकातली मुलंमुली आठवडेच्या आठवडे सराव करतात. ढोल वाजवा, मलाही तो आवडतो, पण कानात बोळे घाला. पथकप्रमुखांनी ताशाच्या काठ्यांबरोबर तेही वाटावेत.

शेवटी श्रवणयंत्र. तपासणीत ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती ऐकू येतं याचा आलेख, काढतात, त्यात डावीकडे २५० आणि उजवीकडे ८००० हर्ट्‌झ असतात. वयामुळे रेघ बहुधा उजवीकडे घसरते, आणि नीट जुळवलेलं यंत्र तिथेच जास्त भर घालतं. सुरुवातीला भांडी, वर्तमानपत्राची सळसळ कर्कश वाटते, कारण मेंदूला त्या वारंवारतांची सवय गेलेली असते. म्हणून यंत्र कपाटात ठेवून देऊ नका. ऑडिओलॉजिस्टकडे परत जाऊन जुळवणी करून घ्या. आता प्रश्न घेऊ. कृपया माइकवर विचारा, म्हणजे मागच्या रांगेलाही व्यंजनं पोचतील.