हा गंधार कुणाचा?

आधी एक ओळ ऐकवतो, बोलणं नंतर.

(येथे एका अभंगाची एकच ओळ दोनदा ऐकवली.)

दोन्ही वेळा गळा तोच आणि टेकही, म्हणजे एका वेळचं सलग ध्वनिमुद्रणही, तोच. पहिल्यांदा जी ओळ ऐकलीत ती संगणकाच्या पडद्यावर अगदी रेषेवर बसवलेली आहे. दुसरी जशी गायली गेली तशीच ठेवली आहे, आणि पडद्यावर पाहिलं तर तिच्यातला गंधार, म्हणजे ‘ग’, खाली पडलेला दिसतो. तरीही दुसऱ्या वेळी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची मान हलली, ती मी इथून पाहिली. ती मान का हलली, हाच माझा आजचा विषय आहे. रेकॉर्ड झालेल्या गाण्याचा सूर हाताने दुरुस्त करताना गाणं गाणंच कसं राहील, याबद्दल मी बोलणार आहे.

हे तंत्र आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. अँडी हिल्डेब्रँड हे अमेरिकेतले अभियंता तेलाच्या शोधासाठी भूगर्भातल्या लहरींवर काम करायचे. जमिनीवर हादरा द्यायचा, लहरी खालच्या थरांवर आपटून कशा परत येतात ते मोजायचं आणि त्यावरून तेल कुठे असेल ते ताडायचं. त्याच जातीच्या गणिताने गळ्यातून निघालेल्या लहरीची आवर्तनं मोजता येतात हे त्यांनी ओळखलं आणि १९९७ मध्ये ऑटो-ट्यून बाजारात आलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात त्याचा वेग मुद्दाम इतका वाढवला गेला, की आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारायला लागला. जगाला हे तंत्र माहीत झालं ते त्या उडीमुळे. मी ज्या कामाबद्दल बोलतोय ते याच्या नेमकं उलट आहे. तिथे सूर बसला पाहिजे आणि हात दिसता कामा नये. या कामासाठी आम्ही बहुतेक जण मेलोडाइन वापरतो. म्युनिकच्या पीटर नॉयबेकर यांच्या कल्पनेतून ते २००१ च्या सुमारास आलं.

मेलोडाइनमध्ये गाणं कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. प्रत्येक स्वर भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. शेंग जिथे जाड तिथे आवाजाचा जोर जास्त. तिच्यातून एक बारीक रेघ जाते, ती म्हणजे सूर प्रत्यक्षात कसा फिरला त्याची वाट. मागे वहीसारख्या आडव्या रेषा असतात, एकेका स्वराची एकेक. माउसने शेंग धरायची आणि वरखाली करायची. दोनदा टिचकी मारली की ती सगळ्यात जवळच्या रेषेवर जाऊन बसते. या दोन टिचक्यांनी माझ्या हातून बरंच नुकसान झालं आहे, म्हणून सांगतो.

त्या रेषा पियानोच्या आहेत. सप्तकाचे बारा सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाला शंभर सेंट म्हटलं, की षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, शुद्ध गंधार येतो ४०० सेंटवर. पण तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, जो कुणी छेडत नाही आणि तरी जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट लागली की खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेतून उमटतो, तो येतो ३८६ वर. म्हणजे चौदा सेंट खाली. धैवत घ्या. पियानोवर तो ९०० आणि षड्जाशी पाचास तीन अशा शुद्ध प्रमाणात लावला तर ८८४. पंचमाचा फरक मात्र दोनच सेंटचा. म्हणून पंचमाबद्दल कधी भांडण होत नाही, गंधाराबद्दल होतं.

चौदा सेंट म्हणजे एक टक्काही नाही, मग कुणाला कळणार, असं मलाही वाटायचं. हिशोब करून बघू. काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा षड्ज, सेकंदाला साधारण २०७.६ आवर्तनांचा. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा. त्या खर्जाच्या पाचव्या पटीत जो गंधार झंकारतो तो ५१९ च्या आसपास. आता गाणाऱ्या बाईंचा गंधार पियानोच्या रेषेवर नेला, तर त्याची दुप्पट येते ५२३ च्या वर. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. तंबोरा आणि गळा एकमेकांना ढुशा देतात. ऐकणाऱ्याला सेंट मोजता येत नाहीत, पण काहीतरी खडबडतंय हे त्याला कळतं. मघाशी पहिल्या ओळीला मान हलली नाही, त्याचं कारण हे.

ही ओळ माझ्याकडे कशी आली ते आता सांगतो. मी नवा होतो. कीर्तनाच्या परंपरेत वाढलेल्या एक ज्येष्ठ गायिका अभंगांच्या ध्वनिमुद्रणाला आल्या होत्या. साथीला तंबोरा, पखवाज आणि टाळ. तीन टेकमध्ये काम झालं. त्या गेल्यावर मी रात्रभर बसलो आणि एकूण एक शेंग रेषेवर बसवली. पडदा इतका नेटका दिसायला लागला की मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी बाई ऐकायला आल्या. पहिलं ध्रुवपद संपायच्या आत त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, “अरे, हा गंधार कुणाचा आहे?” आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होत्या. मी म्हणालो, “तुमचाच आहे, ताई. फक्त सुरात घेतला.” त्यांनी गाणं बंद करायला सांगितलं, तंबोऱ्याचा ट्रॅक एकटा लावायला सांगितला आणि म्हणाल्या, “आता डोळे मीट आणि यात शोध.” दोनएक मिनिटांनी मला तो सापडला. त्यांचा गंधार तिथेच होता. मी उचलून नेला होता.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. तंबोरा असेल तर दुरुस्ती तंबोरा लावूनच करायची, गळा एकटा ऐकून कधीच नाही. आणि स्वर हलवताना पडद्यावरून नजर काढायची.

हाताने काम म्हणजे नक्की काय, ते एका शब्दावर दाखवतो. ‘विठ्ठला’. पहिलं ‘वि’ छोटं. मग ‘ठ्ठ’, तिथे सूरच नाही, जीभ टाळूला अडली आहे, शांतता आहे. मग ‘ला’, त्याला मध्यमाचा कण, म्हणजे वरच्या स्वराचा ओझरता स्पर्श, आणि तिथून गंधारावर ठहराव. सॉफ्टवेअर हा सगळा ‘ला’ एकच शेंग धरतं आणि तिचा मध्य काढतं. कण वरचा असल्यामुळे मध्य वर सरकू शकतो. आता तुम्ही तो मध्य रेषेवर आणलात तर सगळी शेंग खाली सरकते आणि ज्यावर ऐकणारा विसावतो तो ठहरावही खाली जातो. दुरुस्तीच बेसूर होते. म्हणून आधी कण आणि ठहराव वेगळे कापायचे आणि ठहरावच काय तो हलवायचा. पण कापायचं कुठे, हे कानाला कळतं. मिंडेच्या, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याच्या, मधोमध कापलंत आणि दोन्ही तुकडे आपापल्या रेषेवर बसवलेत, तर घसरगुंडीचा जिना होतो.

शिवाय एक शेंग उचलली की शेजारच्या शेंगेला जोडणारा उतार ताणला जातो. वीस सेंटला काही होत नाही. साठ-सत्तर सेंट उचललं तर तो उतार तीव्र होतो आणि गळ्यात उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. मग त्या जोडाला हाताने पुन्हा सैल करावं लागतं. स्वर अर्ध्या सुराहून जास्त चुकला असेल तर मी हात लावत नाही, फोन करून पुन्हा गायला बोलावतो. ‘स’, ‘श’, ‘च’ हे सगळे वाऱ्याचे आवाज, त्यांना सूर नसतो. स्वराबरोबर तेही ओढले गेले तर शिट्टी वाजते. श्वासाला तर स्पर्शही करायचा नाही.

एका स्वराच्या आतही दोन प्रकारची हालचाल असते. एक जलद, म्हणजे कंप, साधारण सेकंदाला पाच-सहा वेळा. दुसरी संथ, म्हणजे सूर हळूहळू चढणं किंवा उतरणं. मेलोडाइनमध्ये या दोन्हींसाठी वेगवेगळी हत्यारं आहेत, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो. कंप हा माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. तो सपाट केला की कुणीही गायलं तरी एकच बाई गातेय असं वाटतं. दम संपत आला की सूर उतरतो, ते संथ उतरणं कमी करायला हरकत नाही. पण तिथेही थांबून विचारायला हवं. भैरव रागाच्या ऋषभावरचं आंदोलन, म्हणजे स्वराला मुद्दाम दिलेला झोका, पडद्यावर असंच संथ डुलताना दिसतं. दरबारीच्या गंधाराचंही तेच. आंदोलन आणि दमाची घसरण यांतला फरक यंत्राला कळत नाही. ज्याने राग ऐकलाय त्याला कळतो. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिले तीन महिने माउस देत नाही, ऐकायला बसवतो.

इथे कुणी म्हणेल, मग पियानोच्या रेषा वाईटच. तसं नाही. मागे कीबोर्डचे सूर सतत भरलेले असतील तर गाणारा नकळत त्यांच्याकडे झुकतो, आणि तिथे तंबोऱ्याचा गंधार उतरलेला वाटू शकतो. भावगीतात, सिनेमाच्या गाण्यात हे रोज होतं. हा वाद जुना आहे. पेटीचे सूर असेच बांधलेले, त्यातून मींड निघत नाही, अशा कारणांसाठी आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी घातली होती. तरीही पेटीने आपल्या संगीताचं अपार भलं केलं असं माझं मत आहे, कारण चांगला पेटीवाला गाणाऱ्याच्या ठहरावावर बोट उचलतो, जागा सोडतो. आमच्या कामात तेच करायला हवं. गळा कशाला टेकून उभा आहे ते आधी ओळखायचं आणि त्याच्याच बाजूने सरकायचं.

कोरसमध्ये तर मी जवळपास काहीच करत नाही. दहा जण काही सेंटने इकडेतिकडे असतात म्हणून तर समूह भरलेला वाटतो. सगळ्यांना एका रेषेवर आणलं तर दहा जणांचा एकच बारीक माणूस होतो. वारकऱ्यांच्या फडात उभं राहून गजर ऐकलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

आणि निम्मी दुरुस्ती गाण्याच्या आधीच होते. हेडफोनमध्ये ट्रॅक फार मोठा असेल तर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज सापडत नाही, सूर डळमळतो. आवाज कमी करा, तंबोरा थोडा वर आणा, एक कान उघडा ठेवायला सांगा, चहा द्या. कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, होणारा टेक बरेचदा तिथेच सुधारतो.

ही फसवणूक आहे का, असं मला विचारतात. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान या गायिकेने रेकॉर्डसाठी गायलं ते एका दमात, रेकॉर्डवर जे उमटलं तेच राहिलं. नंतर टेप आली, तुकडे जोडणं आलं, वेगवेगळे ट्रॅक आले. दोन टेकमधली चांगली ओळ निवडणं आपण कधीच मान्य केलंय. मी एवढंच पाहतो, की जी जागा दुरुस्त केली ती त्या गळ्याने इतर कुठे तरी स्वतः घेतली आहे ना. घेतली असेल तर माझं मन स्वच्छ असतं. आणि गाणाऱ्याला दाखवल्याशिवाय मी काहीही बाहेर देत नाही.

त्या अभंगात शेवटी तीन जागा हलवल्या. दुसऱ्या अंतऱ्यात तार षड्ज जरा कमी पडला होता, तो वीसएक सेंट वर घेतला. एका ओळीच्या शेवटी पंचम उतरत होता, त्याची घसरण निम्मी केली, पूर्ण काढली नाही. तिसरी जागा मला सापडलीच नव्हती, ती ताईंनी दाखवली. ध्रुवपदावर परत येताना एक धैवत, पडद्यावर अगदी रेषेवर बसलेला. “हा मला खाली हवा होता, घाईत वर गेला,” म्हणाल्या. मी तो रेषेपासून दूर, खाली ओढला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. पंधरा-सोळा सेंटवर त्यांनी बोट उचललं.

आता तो अभंग पूर्ण लावतो. साडेसहा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ मागचे पंखे बंद कराल का?