हाडाची पकड

[दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर टायटॅनियमचा स्क्रू. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.]

हा दंतरोपणाचा स्क्रू. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, लांबी साधारण दहा. जबड्याच्या हाडात बसवायचा आणि त्यावर दात चढवायचा. काम सोपं वाटतं, पण हाड त्याला धरणार की नाही, आणि किती लवकर धरणार, हे बरंचसं त्याच्या अगदी वरच्या थरावर ठरतं. हा थर काही मायक्रॉनचाच आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बोट फिरवूनही नीट कळणार नाही इतका.

१९५० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातल्या रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचा एक छोटा कक्ष बसवला होता. त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत रक्तप्रवाह दिसे. प्रयोग संपल्यावर कक्ष काढायला गेले, तर तो निघेना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. मूळ प्रश्न रक्ताचा होता, पण त्यांनी या अडकलेल्या धातूचा माग सोडला नाही, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्या गृहस्थांचं निधन २००६ साली झालं, आणि तोपर्यंत ते स्क्रू काम देत होते. हाड आणि धातूच्या या थेट जुळणीला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात.

[दृश्य: स्क्रूचा आटा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली]

खरं तर हाडाचा स्पर्श टायटॅनियमला होतच नाही. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा थर धरतो, अवघा काही नॅनोमीटरचा, म्हणजे मायक्रॉनच्याही काही हजाराव्या भागाइतका. तो गंजू देत नाही, आतल्या धातूला शरीरात फारसा उतरू देत नाही. हाड भेटतं ते या थराला.

[दृश्य: ॲनिमेशन. आट्याभोवती रक्त पसरतं.]

स्क्रू हाडात फिरतो तेव्हा सगळ्यात आधी रक्त येतं. पाहता पाहता रक्तातली प्रथिनं पृष्ठभागावर चिकटतात, मग रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स, मग फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची गुठळी. हाड तयार करणाऱ्या पेशी याच धाग्यांवरून, मांडवावर वेल चढावी तशा, स्क्रूच्या दिशेने सरकतात. सरकताना त्या धागे ओढतात. पृष्ठभाग गुळगुळीत असला की या ओढीने धागे सुटतात, आणि पेशी वाटेतच राहतात. मग नवं हाड फक्त जुन्या हाडाच्या कडेने वाढत स्क्रूपर्यंत पोचतं, आणि त्याला वेळ लागतो. पृष्ठभागावर बारीक खळगे असले तर धागे तिथे अडकून राहतात. पेशी थेट स्क्रूवर येतात आणि तिथेच हाड घालायला लागतात. म्हणजे खडबडीतपणाचा फायदा हाड घट्ट बसण्यापुरता नाही. हाड कुठून वाढायला सुरुवात होणार, हेच त्याने बदलतं.

सुरुवातीचे स्क्रू लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत. ते हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे. पुढे स्क्रूवर कोरंडम या कठीण खनिजाच्या कणांचा जोरदार मारा करून मग गरम ॲसिडमध्ये बुडवायची पद्धत आली. माऱ्याने मोठे खळगे पडतात, ॲसिडने त्यांच्यात एक-दोन मायक्रॉनचे बारीक खड्डे. १९९१ मध्ये डॅनियल ब्युसर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. चकचकीत केलेल्या पृष्ठभागाला २० ते २५ टक्के भागातच हाड टेकलं होतं, अशा खडबडीत पृष्ठभागाला ५० ते ६० टक्के. धातू तोच होता!

[दृश्य: दोन पृष्ठभागांवर पाण्याचा थेंब. एकावर गोल राहतो, दुसऱ्यावर पसरतो.]

पाणी धरण्याचा गुणही तेवढाच महत्त्वाचा. हवेत पडून राहिलेल्या टायटॅनियमवर कार्बनयुक्त मळ बसतो आणि थेंब त्यावर न पसरता गोल राहतो. तोच पृष्ठभाग हवा न लागू देता, नायट्रोजन वायूच्या आवरणात धुऊन, खारट द्रावणात बंद ठेवला, तर रक्त त्यावर लगेच पसरतं. २००४ च्या एका प्रयोगात दोन आठवड्यांनी हाडाचा स्पर्श साध्या खडबडीत पृष्ठभागावर सुमारे २९ टक्के होता, पाणी धरणाऱ्या पृष्ठभागावर सुमारे ४९. आठ आठवड्यांनी मात्र दोन्ही जवळपास सारखेच. म्हणजे इथे कमावला तो वेळ, आणि स्क्रू सैल होण्याचा धोका याच सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त असतो.

पृष्ठभाग कितीही चांगला असो, बसवलेला स्क्रू हलता कामा नये. साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते, आणि स्क्रू डगमगतो.

[दृश्य: हिरडीलगतचा स्क्रूचा भाग]

मग आणखी खडबडीत का करत नाहीत? कारण सरासरी खडबडीतपणा एक ते दोन मायक्रॉनच्या पुढे गेला की हाडाची पकड वाढेलच असं नाही. शिवाय हिरडीजवळचं हाड झिजून स्क्रूचा वरचा भाग उघडा पडला, तर त्याच खळग्यांत जिवाणूंचा थर साचतो. तिथली सफाई अवघड असते, आणि सूज वाढत गेली की उरलेलं हाडही जातं. म्हणून काही स्क्रूंचा हिरडीलगतचा गळा मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, आणि खडबडीत भाग हाडाच्या आत.