खोक्यानं गप्प बसावं म्हणून

(दृश्य: जाळी काढलेला स्पीकर, संथ गतीत थरथरणारा शंकू)

शंकू जितक्या जोरानं खोलीतली हवा हलवतो, तितक्याच जोरानं पाठीमागची, खोक्यात कोंडलेली हवाही हलवतो. ती भिंतींना हादरवते. हादरा केसभरही नसतो, पण भिंतींचं क्षेत्रफळ शंकूच्या कितीतरी पट. म्हणून तो ऐकू येतो आणि गाणाऱ्याचा खर्ज पिंपात घुमल्यासारखा वाटतो.

जाड लाकूड लावलं की झालं? नाही. लाकूड ताठ असतं, पण कंप पुरेसा जिरवत नाही. रबर कंप जिरवतं, पण उभं राहत नाही. एकाच पदार्थात दोन्ही गुण क्वचितच सापडतात. मग पदार्थांची जोडी जमवावी लागते.

(दृश्य: दोन तक्त्यांमधल्या फटीत ओतली जाणारी वाळू)

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी ती जोडी वाळूशी जमवली. हा माणूस भिडस्त नव्हता. 1954 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांनी प्रत्यक्ष वादनाशेजारी आपले स्पीकर वाजवून दाखवले होते. त्यांची युक्ती अशी: प्लायवूडचे दोन तक्ते आणि मधे कोरडी वाळू. तक्ता थरथरला की कण एकमेकांवर घासतात आणि कंपाची उष्णता होऊन जाते. स्वस्त आणि अत्यंत परिणामकारक. उचलणाऱ्याची कंबर मात्र जाते!

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्याच सेलेस्टियन कंपनीनं उलटी वाट धरली. त्यांचे अभियंते लेझरनं पृष्ठभागाची थरथर मोजत असत. एसएल-600 या छोट्या स्पीकरसाठी त्यांनी एरोलॅम घेतलं. विमानात वापरतात ते: अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मधे षटकोनी घरांची अ‍ॅल्युमिनियमचीच जाळी. तक्ता वाकायला लागला की एक पत्रा ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि जाळी दोघांमधलं अंतर सोडत नाही. वजन नगण्य, ताठपणा प्रचंड. त्यामुळे खोक्याचा स्वतःचा सूर, म्हणजे ज्या सुरावर ते आपोआप घुमतं तो, खूप वर सरकतो, आणि त्या उंचीवर त्याला डिवचणारी ऊर्जा कमी असते. शिवाय हलकी भिंत हादरा फार काळ साठवूनही ठेवत नाही.

आमच्या मते हे उत्तर ब्रिग्जच्या वाळूपेक्षा देखणं आहे, पण अर्धं. धातू कंप मुळातच कमी जिरवतो. वर सरकलेला सूर नाहीसा होत नाही.

(दृश्य: गोगलगायीच्या आकाराचा नॉटिलस स्पीकर)

पुढे बी अँड डब्ल्यू कंपनीच्या 1993 च्या नॉटिलसला काचतंतू आणि रेझिनची (घट्ट होणाऱ्या चिकट राळेची) वळणदार कवचं मिळाली. शेफिल्डच्या विल्सन बेनेश कंपनीनं कार्बन फायबर आणलं. रेझिन थोडाफार कंप गिळतं, आणि साच्यातून काढलेली वक्र भिंत सपाट भिंतीपेक्षा सहज ताठ राहते.

तरी दुकानातले बरेच स्पीकर आजही एमडीएफचेच, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदासोबत दाबून केलेल्या तक्त्यांचे. कारण साधं आहे: एमडीएफ करवतीनं कापता येतं, कडेला गोंद लावून जोडता येतं. जाळीच्या तक्त्याची कड कापली की आत पोकळीच. तिथं स्क्रू कशात धरणार?